अंतरपाट दूर होताना कॅमेरा कुणाच्या हाती?

लग्न ठरलं, याद्या झाल्या, की खर्चाची वही उघडते. कार्यालय, जेवण, दागिने, कपडे, आहेर, वाजंत्री, गुरुजी. यातल्या बहुतेक नोंदींवर घरात वाद होतो तो आकड्यावरून. फोटोग्राफरच्या नोंदीवर मात्र मुळातच दोन तट पडतात. ‘आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे, एवढे पैसे कशाला घालायचे?’ असं एक बाजू म्हणते. ‘लग्न काय रोज होतं का? फोटो राहिले तर पुन्हा कुठून आणणार?’ असं दुसरी विचारते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही निर्णय बहुधा त्या तथ्यावर होत नाही. कुणाच्या तरी ओळखीचा माणूस असतो, चुलत बहिणीच्या लग्नात अमुक अमुक होतं, नाहीतर समोर पॅकेजचं पत्रक ठेवलेलं असतं, आणि तारीख बुक होऊन जाते. हजारोंनी किंवा लाखांनी रुपये घालवण्याआधी हा प्रश्न सुटा करून पाहिला, तर प्रत्येक घराचं उत्तर वेगळं येतं आणि ते शोधणं फारसं अवघडही नाही.

लग्नाचा फोटो ही गोष्ट तशी अलीकडची. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले मुंबईचे नावाजलेले छायाचित्रकार. पण तेव्हाचं तंत्र लग्नाच्या धावपळीला मानवणारं नव्हतं. फोटो उमटेपर्यंत माणसाला निश्चल राहावं लागे. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न २५ जानेवारी १८५८ रोजी झालं. त्या दिवशी नवरी आणि तिच्या आईवडिलांचा एकत्र फोटो काढला, तेव्हा राणी जराशी हलली आणि तिचाच चेहरा पुसट आला.

आपल्याकडे अडचण नुसत्या तंत्राची नव्हती. कॅमेऱ्यामुळे अंगातली शक्ती जाते, आयुष्य घटतं, अशी भीती लोकांच्या मनात होती. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके तरुणपणी फोटोग्राफी शिकले आणि त्यांनी स्टुडिओही थाटला. बडोद्यात याच समजुतीपायी त्यांचा धंदा बसला. ज्या काळात माणसं कॅमेऱ्यासमोर यायलाच कचरत होती, त्या काळात मांडवात कॅमेरा येणं दूरच होतं. पुढे भीती ओसरली तशी रीत अशी पडली की, लग्नानंतर सवडीने नवं जोडपं स्टुडिओत जायचं, रंगवलेल्या पडद्यापुढे एक जण खुर्चीवर बसायचं, दुसरं शेजारी उभं राहायचं आणि एकच फोटो निघायचा. अनेक जुन्या घरांत पणजोबा-पणजींच्या लग्नाचा म्हणून जो फोटो भिंतीवर असतो, तो लग्नाच्या दिवसाचा नसतोच.

फोटोग्राफर मांडवात आला तो रोल घेऊन. १२० च्या रोलवर चौकोनी बारा फोटो निघत, ३५ मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. रोल, धुलाई आणि प्रिंट या तिन्हींना पैसे पडत असल्यामुळे हार घालताना एक, सप्तपदीचा एक, जेवताना घास भरवण्याचा एक असा हिशोब असे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि तासन्‌तासांचं चित्रीकरण घरोघरी पोचलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत वेगळाच प्रवाह जोर धरत होता. डेनिस रेगी या छायाचित्रकाराने वार्ताहराच्या नजरेने, कुणालाही उभं न करता लग्न टिपायची पद्धत लोकप्रिय केली. सप्टेंबर १९९६ मध्ये जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांच्या लग्नात, चॅपलमधून बाहेर पडताना ते नवरीच्या हाताचं चुंबन घेत आहेत, हा त्याने टिपलेला एक फोटो जगभर छापला गेला. डिजिटल कॅमेऱ्याने रोलचा खर्च संपवला आणि तीच पद्धत ‘कॅन्डिड’ नावाने भारतात रुजली. डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांच्या इटलीतल्या लग्नाचे फोटो आणि फिल्म घरोघरच्या फोनवर पोचली. मग तालुक्याच्या गावातली नवरीही ‘तसे फोटो हवेत’ म्हणू लागली. एका स्टुडिओ फोटोपासून चार-सहा जणांच्या टीमपर्यंतचा हा प्रवास तीन-चार पिढ्यांत झाला.

तर आज व्यावसायिक फोटोग्राफरला आपण पैसे देतो ते नेमके कशाचे? यासाठी मराठी लग्नातला एकच क्षण जवळून पाहावा: अंतरपाट दूर होण्याचा.

मंगलाष्टका संपत आलेल्या असतात. वधूवर समोरासमोर, मध्ये अंतरपाट, दोघांच्या पाठीशी मामा, करवलीच्या हातात कऱ्हा आणि दिवा. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, चहूबाजूंनी अक्षता पडतात आणि दोन हार पुढे येतात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. दोघं एकमेकांसमोर असल्यामुळे एका जागेवरून दोघांचे चेहरे नीट दिसत नाहीत. वधूचा चेहरा हवा तर वराच्या खांद्यामागे उभं राहावं लागतं, वराचा हवा तर वधूच्या मागे, आणि दोघं हवे असतील तर बाजूला. तिथे तर अंतरपाट धरणारे उभे असतात. भरीला हवेतल्या अक्षतांवर ऑटोफोकस अडकतो, आणि नेमक्या त्या वेळी पन्नास फोन उंचावलेले असतात. अनुभवी माणूस शेवटचं मंगलाष्टक सुरू होण्याआधीच जागा धरतो, फोकस चेहऱ्यावर बांधून ठेवतो आणि जोडीदाराला समोरच्या बाजूला उभा करतो. अंतरपाटाच्या वेळी वधूची आई कुठे उभी आहे, हेही त्याने हेरलेलं असतं, कारण पुढच्या दोन सेकंदांतला महत्त्वाचा चेहरा तिचा असतो. विधींचा क्रम पाठ असणं, पुढे काय होणार हे आधी कळणं, हीच त्याची विद्या. कॅमेरा त्यानंतर येतो.

उजेडाची बाजूही तितकीच महत्त्वाची. हळद बहुधा रंगीत कापडाच्या मांडवाखाली लागते. उन्हात ते कापड तापतं आणि त्याचा लाल-पिवळा रंग प्रत्येक चेहऱ्यावर उतरतो. त्यात अंगाला हळद. फोन आपल्या अंदाजाने रंग दुरुस्त करायला जातो आणि माणसं राखाडी दिसू लागतात. कार्यालयाच्या स्टेजवर जांभळे-निळे एलईडी दिवे असतात, त्यांच्या लुकलुकण्यामुळे फोटोत आडवे पट्टे येतात. फुल फ्रेम कॅमेऱ्याचं सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचं असतं. बहुतेक फोनमधलं मुख्य सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असतं. फोनचं सॉफ्टवेअर ही उणीव बरीच भरून काढतं. दिवसाउजेडी, स्थिर माणसांचा फोटो काढायचा तर आजचा चांगला फोन खरोखरच पुरेसा आहे. पण कमी उजेडात हलणारी माणसं, दुरून टिपलेला चेहरा आणि मोठी प्रिंट, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याची मर्यादा उघडी पडते. लग्नात त्या तिन्ही एकत्र येतात.

मग घरातल्याच एखाद्या हौशी माणसाला का सांगू नये? पुष्कळ घरांत भाचा किंवा मित्र उत्तम फोटो काढतो, त्याच्याकडे चांगला कॅमेराही असतो. अडचण त्याच्या कौशल्याची नसते. ज्याला दहा तास कॅमेऱ्यामागे उभं केलं, तो त्या लग्नाचा पाहुणा राहत नाही. कानपिळणीला त्याला पुढे व्हायचं असतं, पंगतीत आग्रह करायचा असतो, मावशीला स्टेशनवरून आणायचं असतं. शिवाय कार्ड बिघडलं, एखादा विधी निसटला, तर ‘तुझ्यावर सोपवलं होतं’ हे वाक्य नात्यात कायमचं राहतं. व्यावसायिकाकडे पैसे परत मागता येतात, भाच्याकडे ते मागायची सोयही नसते. हौशी नातेवाइकाला हळदीचा घरगुती भाग, मेंदीची रात्र, प्रवासातले फोटो असं सुटसुटीत काम द्यावं. त्यात त्याचा आनंदही जात नाही आणि घरातल्या माणसालाच मिळू शकतील असे मोकळे चेहरे त्याला मिळतात.

याचा अर्थ प्रत्येक लग्नाला व्यावसायिक हवाच असं मुळीच नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार होणाऱ्या नोंदणी विवाहात तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या आणि हार एवढंच असतं. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात गर्दी नसते, कुणी धावत नसतं. तिथे एका मित्राचा फोन आणि खिडकीचा उजेड पुरतो. महात्मा फुले यांनी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी लावला; कमी खर्चात, भपक्याशिवाय, दोघांच्या शपथेने लग्न करण्याची ती परंपरा महाराष्ट्रात आजही चालू आहे. अशा लग्नात दोन तासांसाठी बोलावलेला एक फोटोग्राफर भरपूर झाला. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत, राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती, मोडल्यास पन्नास हजारांचा दंड होता. त्या काळात कितीतरी लग्नं अंगणात, गच्चीत, चार भिंतींच्या आत झाली. लग्न लहान असलं की फोनही पुरतो, हे त्या दिवसांत पुष्कळ घरांनी स्वतः अनुभवलं.

कायद्यासाठी फोटो किती लागतात, हाही एक प्रश्न असतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणी करताना लग्नपत्रिका, साक्षीदार आणि लग्नातला फोटो मागितला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं की, हिंदू विवाह कायद्याखालचा विवाह विधींशिवाय नुसत्या प्रमाणपत्राने सिद्ध होत नाही. त्यामुळे विधी झाल्याचे फोटो जपून ठेवण्याला अर्थ आहे. पण त्यासाठी सप्तपदीचे, मंगळसूत्राचे दोन-चार स्वच्छ फोटो पुरतात, आणि ते फोनचेही चालतात. ‘कायद्याला लागतात’ म्हणून मोठं पॅकेज घ्यायचं कारण नाही.

आता पैशाकडे वळायला हवं. शहरागणिक आणि गावागणिक दर बदलतात. तालुक्याच्या ठिकाणी एका दिवसाची ऑर्डर काही हजारांत होते, तर पुण्या-मुंबईत नावाजलेल्या टीमचं दोन-तीन दिवसांचं काम लाखांत जातं. ग्राहकाला दिसतो तो एक माणूस आणि त्याचे दहा तास. त्यामागे बरंच काही असतं. एका चांगल्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला दोन लाखांच्या आसपास पडतात. लेन्स, फ्लॅश, दुसरा कॅमेरा, सहायकाची मजुरी, हार्ड डिस्क हे वेगळं. लग्नानंतर हजारो फोटोंतून निवड करणं, रंग दुरुस्त करणं, अल्बमची पानं लावणं याला कित्येक दिवस जातात. कामाचे दिवसही मोजकेच. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, चातुर्मासात तो थांबतो, आणि मधल्या दाट तिथींना एकाच दिवशी दहा घरं त्याच माणसाला विचारतात. ज्यांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर आहे, त्यांना जीएसटी नोंदणी करावी लागते आणि या सेवेवर १८ टक्के कर लागतो. म्हणून दर ठरवताना ‘करासह की कराशिवाय’ हे पहिल्याच भेटीत विचारावं.

दर फुगतो तो मात्र मुख्य कामामुळे कमी आणि जोडकामांमुळे जास्त. आजच्या पॅकेजमध्ये साधारणपणे ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅन्डिड फोटो आणि सिनेमॅटिक फिल्म अशी चार माणसांची चार कामं असतात. त्यावर प्री-वेडिंग, ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल आणि १२ बाय ३६ इंचांचा करिझ्मा अल्बम. दोनशे माणसांच्या लग्नात चारही माणसं स्टेजवर असली की पाहुण्यांना त्यांच्या पाठी दिसतात. विधींची माहिती असलेला आणि चेहरे टिपणारा एकच अनुभवी फोटोग्राफर ट्रॅडिशनल आणि कॅन्डिड ही दोन्ही कामं एका सहायकाला घेऊन करू शकतो. मध्यम आकाराच्या लग्नाला तो पुरतो. घराने पहिली काटछाट इथेच करून पाहावी.

व्हिडिओचा विचार थोडा वेगळा. पाच मिनिटांची सिनेमॅटिक फिल्म सुंदर दिसते, पण तिच्यात बहुधा खरे आवाज पुसून गाणं घातलेलं असतं. आजोबांचा आशीर्वाद, उखाणे, घाणा भरताना बायकांनी म्हटलेल्या ओव्या, पाठवणीच्या वेळचं बोलणं, हे सगळं त्या गाण्याखाली जातं. फोटोत जे कधीच येणार नाही असं लग्नात काही असेल तर तो हा आवाज. व्हिडिओवर पैसे घालायचेच असतील तर मुख्य विधींचं न कापलेलं, मूळ आवाजासहचं चित्रीकरण आधी मागावं. फिल्म त्यानंतर.

ड्रोनला नियम आहेत. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो. त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळांच्या आसपास व इतर प्रतिबंधित पट्ट्यांत परवानगीशिवाय उडवता येत नाही. मुंबईत पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. कार्यालय शहराच्या मध्यवस्तीत असेल तर ड्रोनमधून गच्च्या आणि पत्रे दिसणार, हेही लक्षात घ्यावं. शेतातल्या मांडवाची, समुद्रकाठच्या लग्नाची गोष्ट वेगळी.

प्री-वेडिंगवरून तर अनेक समाजांच्या सभांमध्ये विरोधाचे ठराव झाले आहेत. विरोधाचं एक कारण रीतीभातीचं आहे, दुसरं खर्चाच्या चढाओढीचं. दुसऱ्या कारणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, कारण एका घराने केलं की पुढच्या घरावर दडपण येतं आणि हा खर्च बहुधा मुलीच्या वडिलांच्या वहीत चढतो. प्री-वेडिंगचा एक खरा उपयोग मात्र आहे: कॅमेऱ्यासमोर संकोचणाऱ्या जोडप्याची फोटोग्राफरशी ओळख होते. त्यासाठी घराजवळच्या बागेत घालवलेली एक सकाळ पुरते. किल्ल्यावर जायचंच असेल तर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते, हे आधी तपासावं.

फोटोंचा आठवणींवर काय परिणाम होतो, यावर मानसशास्त्रात काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या पाहिलेल्या जास्त आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करणाऱ्यांची आठवण मात्र घसरली नाही. २०१६ मध्ये क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दुसरी बाजू पुढे आली: फोटो काढणारा माणूस त्या अनुभवात अधिक गुंततो आणि त्याला आनंदही जास्त मिळू शकतो. लग्नघरासाठी या दोन्हींतून एकच व्यावहारिक गोष्ट निघते. ज्यांना तो दिवस जगायचा आहे त्यांच्या हातात कॅमेरा दिवसभर असू नये. वधूवरांचे आईवडील, सख्खी भावंडं, आजी-आजोबा यांचे हात मोकळे राहावेत. बाहेरचा माणूस बोलावण्याच्या बाजूने हे कारण फोटोंच्या दर्जाहूनही भक्कम आहे.

पण बाहेरच्या माणसामुळे लग्नच त्याच्या तालावर चालू लागण्याचाही धोका असतो. ‘हार पुन्हा घाला’, ‘मंगळसूत्र जरा धरून ठेवा’, ‘इकडे बघा’ असं म्हणून विधी थांबवले जातात. गुरुजी ताटकळतात, मुहूर्त सरकतो, होमाचा धूर डोळ्यांत जात असताना लाह्या ओंजळीत तशाच राहतात. गुरुजींचा राग इथे रास्त असतो. यावर उपाय सोपा आहे. लग्नाच्या आधी गुरुजी आणि फोटोग्राफर यांचं एकदा बोलणं करून द्यावं. कोणत्या विधीला कोण कुठे बसणार, कोणत्या क्षणी कुणीही मध्ये यायचं नाही, हे ठरलं की दोघांचं काम सुकर होतं. पाहुण्यांनाही एक विनंती करता येते: अंतरपाट ते हार, एवढा वेळ फोन खाली ठेवावेत. हल्ली काही घरं ती पत्रिकेत छापतात किंवा मंगलाष्टकांच्या आधी सांगतात.

व्यवहार तोंडी ठेवू नये. फोटोंचा मालक कोण, याबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे आपल्याकडे कायदा मुळात लग्नघराच्या बाजूने आहे. मात्र छापील करारात एखादं कलम घालून तो हक्क फोटोग्राफरकडे जाऊ शकतो, म्हणून सही करण्याआधी वाचावं. वधूच्या खोलीतले, हळदीतले फोटो इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी टाकायचे की नाही, हे लेखी ठरवावं. वधूच्या खोलीत स्त्री छायाचित्रकार हवी असेल तर तसं आधीच सांगावं. किती तास, किती माणसं, किती फोटो, अल्बमची पानं किती, देण्याची तारीख कोणती, रक्कम कोणत्या टप्प्यांत, तारीख बदलली तर काय, एवढं एका कागदावर यावं. अल्बम रखडण्याचं मोठं कारण अनेकदा घरच असतं. फोटो निवडून द्यायला वर्ष उलटतं. म्हणून निवडीची मुदतही त्याच कागदावर लिहावी.

तरीही फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाताशी आहे. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. अल्बम किंवा व्हिडिओ न दिल्याबद्दल आयोगांनी फोटोग्राफरला भरपाई द्यायला लावल्याची उदाहरणं आहेत. गेलेला दिवस भरपाईने परत येत नाही, म्हणून खरी काळजी निवडतानाच घ्यावी लागते.

निवडताना सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे इन्स्टाग्रामवरचे निवडक वीस फोटो. वर्षभरात चाळीस लग्नं केलेल्या कुणाकडेही वीस चांगले फोटो निघतात. त्याऐवजी एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखवायला सांगावेत, तेही आपल्यासारख्याच कार्यालयातल्या लग्नाचे. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: दुपारच्या स्टेजवर चेहरे कसे आले आहेत, म्हाताऱ्या माणसांकडे त्याचं लक्ष गेलं आहे का, आणि सप्तपदी, लाजाहोम, सूनमुख यातलं काही निसटलं आहे का. मग विचारावं की त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार. दाट तिथीला ऑर्डर एक घेतो आणि पाठवतो दुसऱ्याला, हे या धंद्यात सर्रास चालतं. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवले जातात का, हाही प्रश्न विचारण्याजोगा. कार्ड बिघडणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

शेवटचा खर्च बहुतेक वहीत लिहिलाच जात नाही, तो म्हणजे फोटो टिकवण्याचा. ऐंशीच्या दशकातल्या कॅसेट बुरशीने खराब झाल्या, आणि त्या लावायला व्हीसीआरही उरले नाहीत. व्हीसीआर बनवणारी अखेरची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. पुढच्या पिढीच्या सीडी-डीव्हीडी लावायला नव्या लॅपटॉपला खाचच नाही. त्या काळचे रंगीत प्रिंटसुद्धा अनेक घरांत लालसर पडत चालले आहेत. त्याआधीचे कृष्णधवल फोटो मात्र शाबूत आहेत. आजचे फोटो पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर ठेवले, तर वीस वर्षांनी तीच अवस्था होईल. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो, हे तर रोजचंच. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरात, आणि एक प्रत क्लाउडवर, एवढी व्यवस्था लग्नानंतरच्या महिन्याभरात करावी. आणि पन्नास-साठ फोटो चांगल्या कागदावर छापून घ्यावेत. जाडजूड करिझ्मा अल्बम कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो. हातात मावणारा छोटा अल्बम वारंवार उघडला जातो.

हे सगळं लक्षात घेतलं तर निर्णयाची रेषा बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. तीस-चाळीस माणसं, एकच विधी, दिवसाचा उजेड, अशा लग्नाला फोन आणि एक सवड असलेला मित्र पुरतो. शंभराच्या वर पाहुणे, साग्रसंगीत विधी, कार्यालयाचा कृत्रिम उजेड आणि घरातली सगळी माणसं कामात अडकलेली, अशा ठिकाणी व्यावसायिक माणूस बोलवावा आणि त्याच्यावर हात आखडू नये. बजेट कमी असेल तर दिवस कापावेत, माणूस कापू नये. सीमांतपूजन आणि रिसेप्शन घरच्या फोनवर सोडून, गौरीहरापासून सप्तपदीपर्यंतच्या चार-पाच तासांसाठी अनुभवी फोटोग्राफर घेता येतो. तो ड्रोन आणि एलईडी वॉलसह तीन दिवस येणाऱ्या नवख्या टीमपेक्षा स्वस्तही पडू शकतो आणि कामाचाही ठरतो.

एकदा माणूस ठरला, की घराने त्याच्या हाती एक यादी द्यावी: कोणत्या आजी, कोणते काका, वडिलांचे कोणते जुने मित्र, गावाकडून आलेली कोणती माणसं यांचे फोटो राहता कामा नयेत. त्याला हे चेहरे ओळखीचे नसतात, म्हणून ओळख करून द्यायला घरातलं एक माणूस नेमावं. अल्बम हाती आला की लोक आधी हेच चेहरे शोधतात. आणि दिवसभर उभ्या असलेल्या त्या टीमच्या जेवणाची वेळ ठरवून ठेवावी. शेवटच्या पंगतीपर्यंत उपाशी ठेवलेल्या माणसाकडून पाठवणीचे फोटो चांगले येतील, ही अपेक्षा रास्त नाही.